वजन कमी करण्याची शस्त्रक्रिया : तयारीत आणि पैशांच्या व्यवहारात या चुका टाळा

वजन कमी करण्याच्या शस्त्रक्रियेची, म्हणजे बॅरिॲट्रिक सर्जरीची, तारीख ठरू लागली की घरात कामांची वाटणी होते. तपासण्या आणि पथ्य रुग्णाने सांभाळायचे. मेडिक्लेम, कार्ड आणि पैशांची जुळवाजुळव दुसऱ्या कोणी तरी पाहायची. माझ्या थोरल्या बहिणीच्या वेळी आमच्या फोंड्याच्या घरातही असेच झाले. ताईने आहारतज्ज्ञांचे पथ्य मनापासून पाळले, भावोजींनी विम्याचे कागद मनापासून गोळा केले, आणि तरीही मंजुरी अडकली; कारण पथ्याचा कागदांवर काय परिणाम होतो, हे दोघांपैकी कोणालाच माहीत नव्हते.

पथ्याआधी वजनाची नोंद

शस्त्रक्रियेपूर्वी साधारण दोन आठवडे कमी उष्मांकाचा आणि कमी पिष्टमय पदार्थांचा आहार दिला जातो. यकृताचा डावा भाग जठरावर आलेला असतो. स्थूल व्यक्तीत तो चरबीने मोठा झालेला असल्याने दुर्बिणीतून काम करताना जठरापर्यंत पोहोचणे कठीण जाते, आणि या आहाराने तो आकसतो. अर्थात वजनही उतरते, आणि नेमके इथेच विम्याचे गणित बिघडू शकते.

विमा नियामक प्राधिकरणाने ठरवून दिलेल्या प्रमाण कलमानुसार स्थूलतेवरील शस्त्रक्रियेचा खर्च मिळण्यासाठी रुग्णाचे वय किमान १८ वर्षे असावे लागते, डॉक्टरांचा सल्ला असावा लागतो आणि बॉडी मास इंडेक्स (बीएमआय), म्हणजे उंचीच्या मानाने वजन किती हे दाखवणारा आकडा, ४० किंवा त्याहून अधिक असावा लागतो. तो ३५ ते ४० च्या दरम्यान असेल, तर सोबत स्थूलतेमुळे झालेला हृदयाच्या स्नायूंचा विकार, हृदयाच्या रक्तवाहिन्यांचा आजार, तीव्र स्लीप ॲप्निया (झोपेत श्वास थांबण्याचा विकार) किंवा आटोक्यात न येणारा टाइप २ मधुमेह यांपैकी काही तरी असावे लागते, आणि आहार, व्यायाम, औषधे असे साधे उपाय करूनही यश आले नाही हेही दाखवावे लागते.

ताईची उंची १६० सेंटिमीटर आणि वजन १०४ किलो होते, म्हणजे बीएमआय ४०.६. पथ्याने चार किलो उतरले आणि तो ३९.१ झाला. मंजुरीच्या अर्जात हा दुसरा आकडा गेला. तिला स्लीप ॲप्निया होता, पण झोपेची तपासणी तोवर झालेली नव्हती. शेवटी आरोग्य केंद्रातला पथ्याआधीचा केस पेपर सापडला आणि मार्ग निघाला.

त्यामुळे पथ्य सुरू होण्याच्या दिवशी रुग्णालयातच, चपला काढून, उंची आणि वजन मोजून घ्यावे आणि ते तारीख, सही व शिक्क्यासह केस पेपरवर लिहून घ्यावे. उंचीकडे फारसे कोणी लक्ष देत नाही. १०२ किलो वजनाच्या व्यक्तीची उंची १६० ऐवजी १५८ सेंटिमीटर निघाली, तर बीएमआय ३९.८ वरून ४०.९ वर जातो. जुन्या कागदावरून किंवा आठवणीने उंची सांगणे म्हणूनच टाळावे. याआधी आहारतज्ज्ञांकडे घातलेल्या खेपा, घेतलेली औषधे, जिल्हा रुग्णालयातल्या किंवा आरोग्य केंद्रातल्या नोंदी, हे सारे तारखेनुसार लावून ठेवावे. साधे उपाय करून झाले, याचा तोच पुरावा असतो.

डॉक्टर शस्त्रक्रिया योग्य म्हणतात तेव्हा विमा कंपनीही ती मान्य करील, असे समजणे ही याच चुकीची दुसरी बाजू आहे. २०२२ साली या विषयातील एक अमेरिकी आणि एक आंतरराष्ट्रीय अशा दोन संघटनांनी जाहीर केलेल्या मार्गदर्शक सूचनांनुसार बीएमआय ३५ पासून, अन्य आजार नसला तरी, शस्त्रक्रियेची शिफारस आहे, आणि आशियाई लोकांसाठी ती मर्यादा २७.५ पर्यंत खाली येते, कारण आपल्याकडे कमी वजनातही मधुमेह गाठतो. विम्याचे कलम मात्र ४० आणि ३५ वरच आहे. या दोन मर्यादांच्या मध्ये असलेल्या रुग्णाने खर्च स्वतःच्या खिशातून करावा लागेल, असे धरूनच निर्णय घ्यावा.

पॉलिसी, कार्ड आणि पॅकेज

पॉलिसी घेताना वजन कमी लिहिणे ही चूक पुष्कळदा एजंटच्या सल्ल्याने होते. प्रस्तावात ८५ किलो आणि वर्षभराने केस पेपरवर १०५ किलो असा फरक दिसला, की माहिती दडवल्याचा ठपका येतो आणि केवळ दावाच नव्हे, तर पॉलिसीही धोक्यात येते. आधीपासूनच्या आजारांसाठीचा प्रतीक्षा कालावधी, म्हणजे दावा करता न येण्याचा सुरुवातीचा काळ, एप्रिल २०२४ पासून जास्तीत जास्त ३६ महिने ठरवला गेला आहे, आणि अनेक पॉलिसींत या शस्त्रक्रियेचा उल्लेख प्रतीक्षेच्या यादीत वेगळा असतो. नोकरीतून मिळालेल्या गट विम्यात ही प्रतीक्षा बऱ्याचदा नसते. मात्र नोकरी सोडली की तो विमाही संपतो, हे लक्षात ठेवून तारीख ठरवावी.

गोव्यात अनेक कुटुंबांकडे दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेचे कार्ड असते. तीनपर्यंत सदस्यांच्या कुटुंबाला वर्षाला अडीच लाख आणि चार किंवा अधिक सदस्यांच्या कुटुंबाला चार लाख रुपये, असे तिचे संरक्षण आहे. परंतु ही योजना ठरावीक उपचारांच्या यादीवर चालते. कार्ड आहे म्हणजे कोणतीही शस्त्रक्रिया त्यात बसते, असे नाही. आपल्याला सुचवलेल्या शस्त्रक्रियेचे नेमके नाव त्या यादीत आहे का, रुग्णालय योजनेत आहे का, आणि यंदा घरातल्या दुसऱ्या कोणासाठी रक्कम वापरली गेली आहे का, हे योजनेच्या काउंटरवर आधी तपासावे. बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयात शल्यचिकित्सा विभागाच्या बाह्यरुग्ण कक्षात चौकशी न करताच सोने गहाण ठेवणारी माणसे पाहिली की फार वाईट वाटते.

खाजगी रुग्णालयाचे पॅकेज तोंडी ऐकू नये, लेखी घ्यावे. जठर कापून शिवणाऱ्या स्टेपलरच्या किती कार्ट्रिजेस त्यात धरल्या आहेत, हे आवर्जून विचारावे, कारण जठराच्या आकारानुसार त्या वाढतात आणि एकेक महाग असते. एंडोस्कोपी, झोपेची तपासणी, भूलतज्ज्ञांची फी, अतिदक्षता कक्षाचा दिवस आणि गुंतागुंत झाल्यास पुन्हा शस्त्रक्रिया, यांपैकी काय बाहेर आहे, तेही लिहून घ्यावे.

खोलीचे भाडे हा छोटा वाटणारा, पण मोठा खड्डा आहे. तीन लाखांच्या पॉलिसीत दिवसाला एक टक्का, म्हणजे तीन हजार, इतकी मर्यादा असेल आणि आपण सहा हजारांची खोली घेतली, तर केवळ भाड्यातला फरक भरून सुटका होत नाही. शल्यचिकित्सकांची फी, शस्त्रक्रियागृहाचे शुल्क असे संबंधित खर्चही निम्म्यावर येऊ शकतात. औषधे, इम्प्लांट आणि तपासण्यांना ही कपात लावता येत नाही. अंतिम बिलात ती लावलेली दिसली, तर हरकत घ्यावी.

शरीराची तयारी

मधुमेहाची औषधे पूर्वीच्याच मात्रेत चालू ठेवून कमी उष्मांकाचे पथ्य सुरू करणे धोक्याचे आहे. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्यांनी साखर एकदम खाली जाऊ शकते. डॅपाग्लिफ्लोझिन आणि एम्पाग्लिफ्लोझिन या गोळ्या शस्त्रक्रियेच्या किमान तीन दिवस आधी थांबवाव्या लागतात, कारण उपाशीपोटी त्यांच्यामुळे साखर जवळपास सामान्य दिसत असतानाही रक्तात किटोन साचून गंभीर स्थिती येते. वजन उतरवणारी सेमाग्लुटाइड किंवा टिर्झेपाटाइडची इंजेक्शने घेत असल्यास ती भूलतज्ज्ञांपासून लपवू नयेत; त्यांनी जठर उशिरा रिकामे होते आणि भुलीच्या वेळी अन्न श्वासनलिकेत जाण्याची भीती असते. हे सर्व बदल डॉक्टरांनीच करायचे असतात. आपले काम एवढेच, की प्रत्येक गोळीचे पाकीट त्यांच्यासमोर ठेवायचे.

छातीत जळजळ होते, हे सांगायला लोक विसरतात. स्लीव्ह शस्त्रक्रियेनंतर, म्हणजे जठराचा मोठा भाग कापून ते नळीसारखे केल्यावर, हा त्रास वाढू शकतो, त्यामुळे आधीच्या एंडोस्कोपीत काय दिसते त्यावर स्लीव्ह की बायपास (जठराची लहान पिशवी करून ती आतड्याला जोडणे) हे ठरते. तंबाखू आणि सिगारेट किमान सहा आठवडे आधी सोडावी, आणि बायपास झाल्यास कायमची, कारण जोडाच्या जागी अल्सर होतो. आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक यांसारख्या दुखण्यावरच्या गोळ्यांचेही तसेच आहे. शस्त्रक्रियेनंतर दारू फार लवकर आणि जास्त चढते, तेव्हा हुर्राकाच्या हंगामात पाहुणचार म्हणून दिलेला पेलाही नाकारण्याची तयारी घरच्यांनी आधीच करावी.

पेजेबद्दल मला कळकळीने सांगायचे आहे. आजारी माणसाला उकड्या तांदळाची पेज द्यायची, ही आपली आईची शिकवण. पण शस्त्रक्रियेनंतरच्या द्रवाहाराच्या आठवड्यांत केवळ पेजेचे पाणी आणि सोलकढी दिली, तर प्रथिने जवळपास मिळतच नाहीत. दिवसाला किमान ६० ग्रॅम प्रथिने हे लक्ष्य असते. त्यासाठी ताक, दूध, गाळलेले डाळीचे पाणी आणि डॉक्टरांनी सांगितलेली प्रोटीन पावडर लागते. उकडलेली मऊ मासळी पुढच्या टप्प्यात येते. श्रावणात मासळी बंद असते आणि लगेच चवथ येते. त्या काळात नेवऱ्या आणि पातोळ्यांच्या घरात नवे पथ्य बसवणे कठीण जाते, म्हणून शक्य असल्यास तारीख पुढे-मागे करावी. स्त्रियांनी पुढील १२ ते १८ महिने गर्भधारणा टाळावी, आणि गर्भनिरोधनाचा मार्ग आधीच ठरवावा. बायपासनंतर गोळ्या नीट शोषल्या जातीलच असे नाही.

घरी परतल्यावर

मुंबई, पुणे किंवा बेळगावला शस्त्रक्रिया करून लगेच गोव्याला परतणाऱ्यांनी शस्त्रक्रियेची सविस्तर नोंद मागून घ्यावी. केवळ डिस्चार्ज कार्ड पुरेसे नाही. नाडी सतत १२० च्या वर, ताप, वाढती पोटदुखी किंवा डाव्या खांद्यात कळ, ही टाक्यांतून गळती झाल्याची लक्षणे असू शकतात. अशा वेळी सकाळची वाट पाहू नये. १०८ ला फोन करून ती नोंद हातात घेऊनच निघावे. सतत उलट्या होत असतील, तर बी१ जीवनसत्त्वाच्या कमतरतेने मेंदूला इजा पोहोचू शकते, म्हणून तेही सहन करत बसू नये.

बी१२, लोह, कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व आयुष्यभर घ्यावे लागते, रक्ततपासण्याही नियमाने कराव्या लागतात, आणि विमा त्यांचा खर्च पॉलिसीत लिहिलेल्या ६० किंवा ९० दिवसांपुरताच देतो. लोंबणाऱ्या कातडीवरील शस्त्रक्रिया सौंदर्योपचार म्हणून बहुधा नाकारली जाते. घेतलेल्या कर्जाचा मासिक हप्ता ठरवताना हा खर्च जमेस धरावा.

दावा नाकारला गेला, तर कोणत्या कलमाखाली, हे लेखी मागावे. फोनवर मिळालेल्या उत्तराला किंमत नसते. प्रथम कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे किंवा विमा नियामकाच्या बिमा भरोसा पोर्टलवर तक्रार करावी, आणि महिनाभरात उत्तर न आल्यास किंवा ते पटण्याजोगे नसल्यास विमा लोकपालाकडे जावे. गोव्यासाठी ते कार्यालय आता पुण्याला आहे, तक्रारीला शुल्क नाही आणि वकीलही लागत नाही. मात्र कंपनीच्या नकारापासून एक वर्षाच्या आत ती दाखल व्हावी लागते. तिच्यासोबत डॉक्टरांचे शिफारसपत्र, झोपेच्या तपासणीचा अहवाल आणि पथ्य सुरू होण्यापूर्वीच्या वजनाचा तो केस पेपर जोडावा.