आडनावाची मोजणी: गावात आपले किती, आणि वाढले की घटले?

जनगणनेतून काही हाती लागणार नाही, हे आधीच सांगून टाकू. जनगणना आडनावांचे आकडे छापत नाही, आणि १९४८च्या जनगणना कायद्यामुळे घराघरातून घेतलेली माहिती गोपनीय राहते. कोकणात गावपातळीवर उपयोगाचे कागद तीन: मतदार यादी, ग्रामपंचायतीचा नमुना ८ (घरपट्टीच्या आकारणीची नोंदवही) आणि सातबारा. पहिल्यात माणसं सापडतात, दुसऱ्यात घरं, तिसऱ्यात जमिनीवरचे हक्क. तिघांची बेरीज कधीच करू नका. मुंबईत असलेल्या कुटुंबाचं बंद घर नमुना ८ मध्ये असतं, पण त्यांची मतं मुंबईत असू शकतात.

सुरुवात मतदार यादीपासून करा. राज्याच्या मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांच्या संकेतस्थळावर विधानसभा मतदारसंघ निवडून आपल्या गावाचे यादी भाग उतरवून घ्या. पीडीएफ बहुधा चित्ररूपात असते, त्यात शोध चालत नाही. पानं डोळ्यांखालून घालावीच लागतात. वहीत पाच रकाने पाडा: आडनाव, वाडी, घर क्रमांक, वय, लिंग. पुरवणीत वगळलेली नावं खोडायला विसरू नका, नाहीतर मयत माणसंही मोजली जातात.

मोजायचे फक्त पुरुष. यादीतल्या आपल्या आडनावाच्या बहुतेक विवाहित बायका लग्न होऊन आलेल्या असतात, आणि आपल्या लेकी सासरच्या आडनावाने दुसऱ्या गावच्या यादीत असतात. मिळालेली संख्या त्याच यादीतल्या एकूण पुरुष मतदारांशी ताडून हजारी प्रमाण काढा. समजा ६०० पुरुषांत ३० सावंत, तर हजारी ५०. नुसता ३० हा आकडा पुढे कशाशीच ताडता येत नाही.

लेखनभेदाने सगळ्यात जास्त घोटाळा होतो. गावडे आणि गांवडे, मेस्त्री आणि मिस्त्री, घाडी आणि घाडीगांवकर हे कधी एकाच घरातले दोन भाऊ असतात. मोजणीआधी रूपांची यादी करा. पण घाडी आणि घाडीगांवकर एक धरायचे की दोन, हे त्या वाडीतल्या जाणत्याला विचारूनच ठरवा. सुतक कोण कोणाचं पाळतं, हा प्रश्न पुरेसा असतो. त्याच कसोटीवर एकाच गावातले दोन परब वेगळ्या भावकीचे निघू शकतात.

'कर' लागलेल्या आडनावांना वेगळा नियम. मालवणकर, राजापूरकर, चिपळूणकर ही ओळख बहुधा गाव सोडल्यावर चिकटते. गावातच सगळे त्या गावचे असल्यावर ती सांगणार कोणाला? त्यामुळे असं आडनाव मूळ गावात न शोधता आसपासच्या तालुक्यांत आणि मुंबईत शोधा.

आता जुन्या काळाशी तुलना. १९८९ पर्यंत मतदानाचं वय २१ होतं, नंतर १८ झालं. म्हणून १९८९ आधीची यादी ताडताना आजच्या यादीतले २१ खालचे वगळा. सिंधुदुर्ग जिल्हा १९८१ मध्ये झाला. त्याआधीचे कागद रत्नागिरीच्या नावावर शोधा. शिवाय रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्याच २००१ मधल्या १६,९६,७७७ वरून २०११ मध्ये १६,१५,०६९ वर आली. तिथे आडनावाची माणसं घटली म्हणून भावकी खुंटली असं म्हणता येत नाही, हजारी प्रमाण काय म्हणतं ते पाहा.

सातबाऱ्यावरून वाढ काढणं तर धोक्याचंच. कुळकायद्याने ठरवलेल्या १ एप्रिल १९५७च्या कृषक दिनानंतर कुळं मालक झाली आणि कितीतरी आडनावं सातबाऱ्यावर मालक म्हणून पहिल्यांदाच आली. माणसं आधीपासून होतीच. उलट बाजूने, वारसनोंदीत बहिणी सासरच्या आडनावाने लागतात, म्हणजे गावात कधी न राहिलेलं आडनावही उताऱ्यावर दिसतं. हे सुटतं फेरफारात, म्हणजे सातबाऱ्यावरच्या बदलांच्या नोंदवहीत: नोंद खरेदीने लागली, कुळकायद्याने की वारसाने, ते तिथे लिहिलेलं असतं.

त्याहून मागे जायचं तर तहसील कार्यालयात गाव नमुना १४, म्हणजे कोतवाल बुक, मागा. त्यात जन्ममृत्यू आहेत, काही पानं मोडीत. आडनाव मात्र अनेकदा नसतं, नुसतं नाव, बापाचं नाव आणि जात. म्हणून पणजोबांपर्यंतची नावं आधी लिहून न्या.

आडनाव नाहीसं होण्याला शाप वगैरे लागत नाही. १८७४ मध्ये गाल्टन आणि वॉटसन या इंग्रज अभ्यासकांनी याचंच गणित मांडलं. सरासरी प्रत्येक पुरुषाला एक मुलगा धरा आणि कोणाला किती हे योगायोगावर सोडा: सुमारे ३७ टक्के पुरुषांचा पुरुषवंश पहिल्याच पिढीत थांबतो, तिसऱ्यापर्यंत ६३ टक्के. गावात एकच घर असेल तर आडनाव सहज जातं. दहा घरं असतील तर तीन पिढ्यांत ती सगळी जाण्याची शक्यता एक टक्क्याच्या आसपास.

मुंबईला गेलेली आपली माणसं मोजायला गावच्या देवळाच्या वर्गणीची यादी चांगली. फक्त ती चुली मोजते: दोन भाऊ वेगळे झाले की दोन वर्गण्या होतात आणि भावकी वाढल्यासारखी दिसते. त्यामुळे प्रत्येक नावापुढे बापाचं नाव लिहून घ्या.