डोळ्याच्या खोबणीचं फ्रॅक्चर: या चुका टाळा

कॅज्युअल्टीतून फोन येतो, "सर, डोळ्याला मार आहे, सीटी नॉर्मल आहे, घरी सोडू का?" नजर किती आहे विचारलं की पलीकडे सामसूम. मग कळतं, सुजेमुळे डोळा उघडत नाही म्हणून बघितलीच नाही. उघडत नसेल तर उघडायचा! एक बोट भुवईच्या हाडावर, एक गालाच्या हाडावर टेकवा आणि पापण्या ओढा; डोळ्यावर दाब द्यायचा नाही. मोजता येतील तेवढी बोटं मोजून घ्या, टॉर्च आलटून पालटून दोन्ही बाहुल्यांवर टाका, आणि वेळेसकट केस पेपरवर लिहा. बाहुली एका बाजूला ओढलेली दिसली किंवा जखमेतून काळसर काही बाहेर आलेलं दिसलं, तर डोळाच फाटलाय समजा आणि तिथंच थांबा. वरून कडक शील्ड लावा. मलम नको, पट्टी नको, डोळा फिरवून बघणं तर अजिबात नको. हाडाचा इलाज थांबू शकतो.

आता त्या "नॉर्मल" सीटीबद्दल. तो बहुतेक वेळा मेंदूचा असतो. त्याचे काप जाड आणि आडवे. खोबणीचा तळही जवळजवळ आडवाच, त्यामुळे तळातली भेग दोन कापांच्या मधे सहज हरवते. ऑर्बिटचा, म्हणजे खोबणीचा, सीटी मागा, साधारण 1 मिमीचे काप, कोरोनल (समोरून उभे) आणि सॅजिटल (बाजूनं उभे) दोन्ही. हाडाबरोबर स्नायूही बघा. नुसता रिपोर्ट वाचून मोकळं होणाऱ्यांशी माझं जमत नाही. तालुक्याच्या गावी फक्त एक्स-रे मिळत असेल तर त्यात फ्रॅक्चर दिसलं तर दिसलं. दिसलं नाही म्हणून नाही असं म्हणता येत नाही.

ज्या चुकीवर मी ज्युनियर्सना कंटाळा येईपर्यंत बोलतो ती लहान मुलांतली. मोठ्यांचं हाड फुटतं आणि तुकडे खालच्या सायनसमध्ये, म्हणजे गालाच्या हाडातल्या पोकळीत, पडतात. मुलांचं हाड ओल्या फांदीसारखं वाकतं, फट उघडते, डोळा फिरवणारा खालचा स्नायू त्यात शिरतो आणि हाड परत जागेवर येऊन त्याला चिमटीत पकडतं. बाहेरून डोळा पांढराशुभ्र. ना सूज, ना काळंनिळं. मुलगा मात्र ओकतोय.

कबड्डीच्या सरावात कोपर लागलेला असाच एक शाळकरी मुलगा आमच्याकडे आला, तोही चौथ्या दिवशी. आधीच्या दवाखान्यात मेंदूचा सीटी चांगला आला, उलट्या होत्या म्हणून "डोक्याला मार, निरीक्षण" असं लिहून सलाईन आणि उलटीचं इंजेक्शन चालू ठेवलं. आई सांगत होती, "वर बघ म्हटलं की त्याला मळमळतं, घाम फुटतो." तिला उत्तर मिळालं, घाबरलाय, नाटक करतोय. नाडी मंद लागत होती ती चार्टवर नोंदवलेली होती, पण खेळाडू पोरगं म्हणून सोडून दिली. मी त्याला बोटाकडे वर बघायला लावलं. उजवा डोळा वर गेला, डावा मधेच अडकला आणि मॉनिटरवरचा नाडीचा आकडा खाली घसरला. स्नायू ओढला गेला की चेहऱ्याच्या संवेदना नेणाऱ्या ट्रायजेमिनल नसेतून निरोप जातो आणि व्हेगस ही दुसरी नस हृदयाला लगाम घालते. त्यावर खरा इलाज स्नायू सोडवणं हाच. त्याच संध्याकाळी सोडवला. स्नायूचा रंग काळपट होता. डोळा पूर्ण वर जाणं काही परत आलं नाही, फळ्याकडे बघताना तो अजून हनुवटी उचलतो. अशा पोराला 24 ते 48 तासांच्या आत, जमलं तर त्याच दिवशी टेबलावर घ्यायला हवं. मार लागलेलं, ओकणारं मूल आलं की मेंदूच्या सीटीच्या आधी त्याला वर-खाली बघायला लावा. अर्धं मिनिट लागतं.

मोठ्यांत नेमकं उलटं होतं. सुजलेला चेहरा बघून नातेवाईक घाबरतात, आणि नवखा सर्जन फुटलेला तळ झाकायला दुसऱ्याच दिवशी टायटॅनियमची जाळी मागवतो. अहो, दोन-दोन दिसणं पुष्कळदा सुजेचं असतं आणि आपोआप ओसरतं. स्नायू अडकलेला नसेल तर आठवडा-दोन आठवडे थांबावं. समोर किंवा खाली बघताना दोन दिसणं टिकलं, डोळा 2 मिमीहून जास्त आत गेला, किंवा सीटीत निम्म्याहून जास्त तळ फुटलेला असला, तर ऑपरेशन. तेव्हा मात्र महिनोन्‌महिने टाळू नका. एकदा सगळं चिकटलं की सोडवणं जिकिरीचं होतं.

ऑपरेशनमधली ठरलेली चूक म्हणजे मागच्या शाबूत हाडापर्यंत न पोचणं. ऑप्टिक नर्व्हला, म्हणजे नजरेच्या नसेला, धक्का लागेल या भीतीनं अलीकडेच थांबतात, जाळी सायनसकडे उतरते, डोळा खोल तो खोलच. आणि जाळी बसवल्यावर, टाके घालण्याआधी, चिमट्यानं डोळा पुन्हा सगळीकडे फिरवून बघायचाच. मला हे न करता बंद केलेली केस दाखवू नका.

डोळा पुढे येतोय, पापणी दगडासारखी कडक, नजर घटतेय: आत रक्त साठलंय. सीटीची वाट बघू नका. पापण्यांचा बाहेरचा कोपरा कापा आणि खालची पापणी हाडाला बांधणारा कंडराही कापा, नुसती कातडी कापून दाब उतरत नाही. दीड-दोन तासांत पडदा कायमचा जाऊ शकतो.

नाक शिंकरू नका हे रुग्णाला लिहून द्या, हवा थेट खोबणीत शिरते. गाल, वरचा ओठ आणि दात बधिर आहेत का ते ऑपरेशनआधी नोंदवा, नाहीतर दोष तुमच्या माथी. मारामारीची केस असेल तर सीटीआधी "साधी दुखापत" लिहू नका. भारतीय न्याय संहितेच्या कलम 116 मध्ये हाड मोडणं गंभीर दुखापतीत मोडतं. दहा दिवसांची अँटिबायोटिक्स सगळ्यांना कशासाठी देतात, मला उमगलेलं नाही.

आणि सूज उतरल्यावर "डोळा आत गेलाय" अशी तक्रार आली तर मोजमाप कराच, पण मोबाइलमधला जुना फोटोही मागा. बऱ्याच जणांचे दोन डोळे आधीपासूनच सारखे नसतात, आरशात ते पहिल्यांदा आत्ता बघत असतात.