कुत्र्याचे पेपर मिळाले नाहीत? या चुका टाळा

"पेपर चेन्नईहून येतात, वेळ लागतो," असं ब्रीडर सांगतो. पेपर म्हणजे केनेल क्लब ऑफ इंडियाचं (केसीआय) जातिवंत कुत्र्याचं नोंदणीपत्र. क्लबचं मुख्य कार्यालय चेन्नईत आहे हे खरं, पण या एका वाक्यावर माणसं वर्ष-वर्ष गप्प बसतात, याची मला चीड येते.

नाशिकला इंदिरानगरात राहणाऱ्या माझ्या मावसभावाने पुण्याच्या एका ब्रीडरकडून लॅब्राडॉरचं पिल्लू घेतलं. ब्रीडरने व्हॉट्सअ‍ॅपवर दोन भाव कळवले होते: पेपरसह 30 हजार, बिनपेपर 18. याने 30 दिले, त्यातले निम्मे रोख. सात महिन्यांनी माझ्याकडे आला. मी आधी कुत्र्याला प्राण्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी मानेवरून, खांद्यांवरून तीनदा स्कॅनर फिरवला. नंबर उमटलाच नाही. केसीआयच्या नोंदणीला मायक्रोचिप, म्हणजे कातडीखाली बसवलेली नंबरवाली बारीक चिप, लागते. चिपच नाही तर पेपर कुठून येणार? पण पिल्लू घरी आणल्यावर पहिल्या आठवड्यात स्कॅन करायला कुणाला सुचत नाही. लसीकरणाची वही हातात पडली की तेच पेपर वाटतात.

त्याहून मोठा घोळ पुढे. मधल्या काळात त्याने फोन बदलला, बॅकअप नाही, चॅट गेली. ते दोन भाव म्हणजे 12 हजारांचं नुकसान दाखवणारा सरळ पुरावा होता. शेवटी 5 हजारांवर तडजोड करावी लागली. मी स्वतः असे मेसेज त्याच दिवशी, नंबर आणि तारीख दिसेल असे, ईमेलवर टाकून ठेवते. जुना फोनही विकत नाही.

"केस करायला पुण्याला कोण जाणार?" जाऊ नका. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याने तुम्ही राहता तिथे, म्हणजे नाशिकच्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करता येते. ई-जागृती या सरकारी पोर्टलवर ती ऑनलाइन भरता येते, 5 लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, वकील सक्तीचा नाही. मुदत मात्र दोन वर्षं, आणि "पुढच्या महिन्यात देतो" ऐकत बसलात तरी ती सरतच असते.

आधी नोटीस पाठवा: स्पीड पोस्टाने, पोच घेऊन, 15 दिवसांची. कायद्याने सक्ती नाही, तरी मी ती कधीच टाळत नाही. बऱ्याच ब्रीडरना तेवढ्यानेच जाग येते.

थेट पोलिसांत धावू नका. सुरुवातीपासूनच फसवायचा हेतू होता हे दाखवता येत नसेल तर फेऱ्याच होतात.

ब्रीडरची राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी आहे का, हे पैसे देण्याआधी विचारा. 2017 च्या नियमांनी ती बंधनकारक आहे.

आणि "दोन हजारांत पेपर करून देतो" म्हणणाऱ्याच्या वाटेला जाऊ नका. ते पेपर दुसऱ्याच कुत्र्याचे असतात.