इंटेल की एएमडी? बर्डीतल्या टेबलावरून

नागपूरच्या बर्डीवर कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात कामाला लागलो, त्याच आठवड्यात एका गिऱ्हाइकानं विचारलं, "भाऊ, इंटेल कंपनीचा प्रोसेसर जास्त टिकतो का एएमडीचा?" मी छातीठोक उत्तर दिलं. आता शिकायला येणाऱ्या पोट्ट्यांना असं उत्तर द्यायची बंदी आहे.

कारण प्रोसेसर, म्हणजे कॉम्प्युटरची मुख्य चिप, सहसा मरत नाही. मे महिन्यात पारा ४५ च्या वर गेला की 'आपोआप बंद पडते' म्हणून मशीन येऊ लागतात. उघडलं की हीटसिंकवर, म्हणजे प्रोसेसरची उष्णता ओढणाऱ्या धातूच्या ठोकळ्यावर, धुळीची गोधडी. घरातल्या कूलरच्या दमट हवेत धूळ अशी चिकटते, की ब्रशला दाद देत नाही, नखानं सोलावी लागते. खालची, उष्णता वाहून नेणारी पेस्ट वाळून खडू झालेली. साफ करा, वाटाण्याएवढी नवी पेस्ट लावा. तरी रडलं तर रॅम आणि एसएमपीएस (वीज पुरवणारा डबा) बदलून बघा. प्रोसेसरवर संशय सगळ्यात शेवटी.

पण शेवटी घ्यायचाच. इंटेलच्या १३व्या-१४व्या पिढीतले काही डेस्कटॉप प्रोसेसर गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज मागून हळूहळू खराब होत होते. गेम बंद पडताना संदेश यायचा 'व्हिडिओ मेमरी संपली', म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी, लोक ग्राफिक्स कार्डावर संशय घेत बसले. २०२४ च्या ऑगस्टमध्ये मायक्रोकोडची (चिपच्या आतल्या सूचनांची) दुरुस्ती आली, वॉरंटीही दोन वर्षांनी वाढली. मात्र आधीच बिघडलेली चिप त्यानं सुधारत नाही. एएमडीवाल्यांनी हसू नये. २०२३ मध्ये रायझन ७००० मालिकेतले काही एक्स३डी नावाचे प्रोसेसर सॉकेटातच, म्हणजे मदरबोर्डवरच्या खाचेतच, जळाले, मग बायोसमधून (मदरबोर्डच्या मूळ सॉफ्टवेअरमधून) चिपच्या एका भागाच्या, एसओसीच्या, व्होल्टेजला १.३ व्होल्टची मर्यादा घालावी लागली. म्हणून कंपनी नंतर, आधी पिढी आणि बायोसची आवृत्ती विचारा.

हाताळणीतला फरक मी महागात शिकलो. एएमडीच्या एएम४ या जुन्या सॉकेटात पिना प्रोसेसरला असतात. मी प्रोसेसरवरचा कूलर (पंखा आणि हीटसिंक) सरळ वर ओढला, चिकटलेला प्रोसेसर लॉक असूनही उपटून आला. वाकलेल्या पिना मेकॅनिकल पेन्सिलच्या रिकाम्या टोकानं सरळ करण्यात दुपार गेली. आता मशीन दहा मिनिटं चालवून गरम करतो, बंद करतो, मग कूलर हलकेच पिळून काढतो. इंटेलमध्ये आणि एएमडीच्या नव्या एएम५ मध्ये पिना मदरबोर्डावर असतात, एएम५ला तर १७१८. तिथं एक वाकली तरी बोर्ड जायची भीती.

दुरुस्तीला बोर्ड घेताना गिऱ्हाइकासमोरच सॉकेटचा फोटो काढा. मी एकदा नाही काढला. पंधरा दिवसांचा पगार त्या बोर्डात गेला.