शिबिराची पोती भरण्याआधी

एनएसएसच्या (राष्ट्रीय सेवा योजनेच्या) सात दिवसांच्या शिबिरात गटप्रमुख झालात ना? मग वही काढा आणि पहिल्याच ओळीत लिहा: दाभण आणि सुतळी. बाकीची यादी त्याखाली.

आम्ही कॉलेजनं दत्तक घेतलेल्या गावात वनराई बंधारा, म्हणजे वाळूची पोती रचून ओढ्यात घालतात तो कच्चा बांध, घालायला गेलो होतो. सिमेंटची रिकामी पोती होती, फावडी होती, घमेली होती, ओढ्यात वाळू होती, पन्नास जण बाह्या सरसावून उभे होते. पहिली वीस पोती भरून झाल्यावर कुणीतरी विचारलं, "तोंडं कशानं शिवायची?" यादी मी केली होती. सगळे माझ्याकडे बघायला लागले. गावातल्या एका आजोबांकडे एक दाभण मिळालं, दुकानात सुतळीचं एकच बंडल. मग पोरांनी तोंडं नुसती गाठ मारून बांधली. गाठ मारलेलं पोतं गाठोड्यासारखं गोल होतं, थरावर नीट बसत नाही आणि मधल्या फटींतून पाणी आरामात निघून जातं. सकाळी जाऊन पाहिलं तर वरचे दोन थर खाली घसरलेले.

तर जागेपासून सुरुवात. ओढा आधी स्वतः जाऊन बघा आणि शेतकऱ्यांना विचारा की शिबिराच्या दिवसांत त्याला धार असते का. वनराई बंधारा पाऊस संपल्यावर वाहतं पाणी अडवण्यासाठी असतो. आपली शिबिरं बहुतेक डिसेंबर-जानेवारीत लागतात, तोवर कितीतरी ओढे कोरडे पडलेले असतात. कोरड्या ओढ्यात बंधारा घालून फोटो काढणारेही आहेत, तो त्यांचा प्रश्न. पाणी नसेल तर सरळ शोषखड्डे (सांडपाणी जमिनीत मुरवणारे खड्डे) किंवा समतल चर (पावसाचं पाणी मुरवायला उतारावर आडवे खणलेले चर) यांचं काम घ्या. ग्रामपंचायतीचं पत्र घ्या. ज्यांच्या बांधाला बंधारा टेकणार त्यांना मात्र घरी जाऊन भेटा, पत्रावर भागवू नका.

पोती मागवताना उन्हात पडलेली घेऊ नका. बघायला धड दिसतात, पण वाळू भरली की हातात फाटतात. मोजून लागतील त्यापेक्षा पन्नासेक जास्त घ्या. पोतं गच्च भरायचं नाही, शिवायला तोंड मोकळं राहिलं पाहिजे. आणि कशानं शिवणार? दाभणानं. दहा जण शिवणार असतील तर दाभणं बारा, कारण दोन वाळूत हरवतातच. सुतळी घरात आहे असं कुणी म्हणालं तर विश्वास ठेवू नका, बंडल डोळ्यांनी बघा. थर रचताना विटांसारखे सांधे चुकवायचे, मध्ये माती चेपायची. हे गावातली माणसं तुमच्यापेक्षा चांगलं सांगतील, तेव्हा गप्प बसून ऐका.

टिकाव-फावडी उसनी आणलीत तर दांडे हलवून बघा. ढिला असेल तर पाचर मारा. टिकावाचं पातं निसटून मागच्याच्या पायावर आलं की शिबिर तिथंच संपतं. पहिल्याच दिवशी हातांना फोड येतात, चिकटपट्ट्या भरपूर ठेवा. पालकांची संमतीपत्रं निघण्याआधी घ्या, गावातून फोन करत बसू नका.

मुक्काम बहुधा शाळेत किंवा देवळाच्या सभामंडपात. मुलींच्या खोलीला आतून कडी आहे का, संडासाला पाणी येतं का, हे आधीच्या भेटीत बघून घ्या. थंडी असते, अंथरूण-पांघरूण ज्याचं त्यानं आणावं. जेवणाबद्दल मी काही सांगत नाही, स्वयंपाकाचा गट ते बघतो आणि मीठ विसरला तर स्वतःच शिव्या खातो.

गट आठ-दहा जणांचे करा, मित्रामित्रांचे नकोत. कामं रोज फिरवा, नाहीतर तेच चौघं भांडी घासतात आणि तेच चौघं प्रभातफेरीत झेंडा धरतात. दुपारच्या व्याख्यानाला वक्ता मिळतो, ऐकणारे मिळत नाहीत. पहाटे उठून श्रमदान केलेली पोरं डुलक्या घेणारच, म्हणून व्याख्यान छोटं ठेवायला सांगा. निघायच्या आदल्या रात्री सामान ओट्यावर मांडा आणि दाभण-सुतळी हातात धरून मगच पिशवीत टाका. "आणलंय रे" हे उत्तर चालणार नाही. मीही तेच दिलं होतं.

हजेरीवर रोज सही. एनएसएसच्या कामाचे दोन वर्षांचे 240 तास आणि हे शिबिर, दोन्ही झाल्याशिवाय प्रमाणपत्र नाही. पावत्या एका पाकिटात. फोटो त्याच दिवशी उतरवून ठेवा. अहवाल सातव्या रात्री नको, कुणी लिहीत नाही. समारोपाची भाषणं कमी.

अवजारं धुऊन, मोजून परत. दाभणंही. आजोबांचं ते दाभण आम्ही परत केलं का, हे मला अजून आठवत नाही.