जाड गोलाकार फॉन्ट ब्राउझरमध्ये सुजल्यासारखा दिसत होता : माझा अनुभव

मथळ्यासाठी गोल टोकांचा, एकाच वजनात (म्हणजे जाडीत) मिळणारा जाड देवनागरी फॉन्ट घेतला होता. डिझाइनच्या फाइलमध्ये सुरेख दिसायचा. ब्राउझरमध्ये मात्र 'ष'चं पोट बुजायचं, 'ठ'चा गोल जेमतेम टिंबाएवढा उरायचा आणि अनुस्वार मात्रेला चिकटायचा.

आकार वाढवला, कॅशे साफ केला, फाइल पुन्हा चढवली, फरक शून्य. लेटर-स्पेसिंग (अक्षरांमधलं अंतर) वाढवलं तर शिरोरेषाच तुटली. दोन संध्याकाळी यात गेल्या, फार वैताग आला.

कारण साधं निघालं. एच१ टॅगला, म्हणजे पानाच्या मुख्य मथळ्याला, ब्राउझर आपणहून ७०० (ठळक) वजन लावतो. माझ्या फॉन्टच्या फाइलमध्ये फक्त ४०० (साधं) होतं. मग ब्राउझर तेच अक्षर कृत्रिमरीत्या जाड करतो. अशा फॉन्टचं ४०० मुळातच ठसठशीत असतं, आणि त्याचा सगळा गोडवा अक्षराच्या पोटातल्या मोकळ्या जागेत असतो. नेमकी तीच जागा गिळली जाते.

हे याच क्रमाने करा. आधी ब्राउझरच्या इन्स्पेक्टरमध्ये (पानाचा कोड दाखवणारं साधन) मथळ्याचं फॉन्ट-वेट, म्हणजे वजन, बघा. ७०० असेल तर एच१ला ४०० द्या. मग सीएसएसमध्ये (पानाची मांडणी ठरवणारा कोड) फॉन्ट-सिंथेसिस 'नन' करा, म्हणजे खोटी जाडी कुठेच येणार नाही. लेटर-स्पेसिंग शून्यावर आणा. शेवटी लाइन-हाइट (ओळीची उंची) १.४ ठेवा, वेलांट्या आणि उकार एकमेकांना भिडत नाहीत.

वेगवेगळी वजनं हवीच असतील तर 'बालू २' हा फॉन्ट घ्या, त्यात ४०० ते ८०० अशी पाच खरी वजनं आहेत. मजकुराच्या परिच्छेदांना मात्र असा जाड फॉन्ट लावू नका, लहान आकारात जोडाक्षरं ओळखू येत नाहीत.