कोझिकोडच्या किनाऱ्यावर जुन्या फुटबॉलपटूंना ऐकायला जाताना

कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवर पेठांचे फुटबॉल सामने लागले की आमच्या घरात जेवणाच्या वेळा बदलतात. काका तालमीच्या संघाचे गोलकीपर होते. त्यामुळे केरळ लिटरेचर फेस्टिव्हलच्या वेळापत्रकात केरळ पोलीस संघातल्या निवृत्त खेळाडूंचं सत्र दिसलं, त्याच दिवशी मी रजेचा अर्ज टाकला. तुम्हाला असा योग आला तर तो वाया जाऊ नये, म्हणून हे सगळं सांगते.

महोत्सव जानेवारीत कोझिकोडच्या समुद्रकिनाऱ्यावर भरतो. कोल्हापूरहून आंबा घाट उतरून रत्नागिरी गाठायची आणि संध्याकाळची नेत्रावती एक्सप्रेस पकडायची, सकाळी कोझिकोड येतं. आरक्षण सुरू होताच तिकीट काढा. परतीचं मात्र सत्राच्या रात्रीचं काढू नका.

खरी तयारी घरी करायची. खेळाडूंची नावं आणि पुरस्कार पाठ करण्यापेक्षा एक सामना निवडा. मी १९९१ च्या फेडरेशन कपची, म्हणजे देशभरातल्या क्लबांच्या स्पर्धेची, फायनल निवडली. कन्नूरला केरळ पोलिसांनी मुंबईच्या महिंद्रा संघाला हरवून सलग दुसऱ्यांदा कप नेला होता. आदल्या वर्षी त्रिशूरला त्यांनी गोव्याच्या साळगावकरला हरवलं होतं. त्या काळातल्या पोलीस संघाची माणसंही थोडी माहीत करून घ्या. आय. एम. विजयन लहानपणी त्रिशूरच्या स्टेडियमवर सोडा विकायचे. २०२५ साली त्यांना पद्मश्री मिळाली. व्ही. पी. सत्यन भारताचे कर्णधार झाले आणि २००६ साली अकाली गेले. मंचावर कुणी नुसतं ‘सत्यन’ म्हटलं आणि सगळा मांडव गप्प झाला, तेव्हा मला कुणाला का म्हणून विचारावं लागलं नाही.

आपल्याकडच्या जुन्या सामन्यांचं चित्रीकरण फारच थोडं उरलंय. वर्तमानपत्रात गोल कुणी केला ते सापडतं, पण त्याआधी चेंडू कुठून आला, मागून कोण ओरडलं, पाऊल कुठं घसरलं, हे सगळं फक्त त्या माणसांपाशी आहे आणि ती माणसं आता साठीच्या घरात आहेत. म्हणून वेळेआधी पोचा. एकाच वेळी अनेक मंचांवर कार्यक्रम चालू असतात, आपला मांडव शोधण्यातच वेळ जातो.

पहिल्या रांगेत बसू नका. मंच उंच असतो, तिथून खेळाडूंचे पाय दिसत नाहीत. फुटबॉलपटू बोलता बोलता उभा राहतो आणि पायानंच सांगायला लागतो. चौथी-पाचवी रांग बरी, त्यातही मधल्या वाटेच्या कडेची खुर्ची, म्हणजे प्रश्नाच्या वेळी माइक लवकर हाती येतो.

बोलणं मल्याळममध्ये असतं, त्याची धास्ती नको. गोल, कॉर्नर, पेनल्टी, बॅक हे शब्द आपलेच आहेत. शेजारी कॉलेजची पोरं असतील तर आधीच ओळख करून घ्या. माझ्या शेजारची मुलगी मलप्पुरमची होती. सेव्हन्सचे, म्हणजे सात-सात जणांचे सामने बघत वाढलेली. तिनं दर वाक्य इंग्रजीत कानात सांगितलं आणि माझा प्रश्नही तिनंच मल्याळममध्ये विचारला.

प्रश्न एकच, लहान आणि मैदानावरचा हवा. ‘आजच्या फुटबॉलबद्दल काय वाटतं?’ असं विचारलं की प्रत्येक जण सभ्य, ठरीव उत्तर देतो. एकानं तसं विचारलं आणि दहा मिनिटं गेली. माझा प्रश्न काकांनी दिला होता: समोरच्याला कॉर्नर मिळाला की तुमच्या गोलसमोरच्या बॉक्समध्ये कोण कुठं उभं राहायचं? वयस्कर बचावपटूनं उत्तर द्यायला माइक खाली ठेवला. टेबलावरच्या पाण्याच्या चार बाटल्या ओळीत लावल्या, चष्म्याचं घर गोलकीपर म्हणून मागं ठेवलं आणि स्वतःच्या नावाची पाटी पहिल्या, म्हणजे कॉर्नरच्या बाजूच्या, गोलखांबापाशी सरकवली. शेजारच्या खेळाडूनं एक बाटली उचलून वीतभर पुढं नेली. मग दोघांत वादच लागला! मांडवातली म्हातारी माणसं उठून मंचाजवळ गेली, त्यांनीही आपापल्या बाटल्या हलवल्या.

मोबाइलवर आवाज रेकॉर्ड करायचा तर आधी परवानगी घ्या आणि माइकच्या भोकावर पातळ रुमाल धरा, नाहीतर घरी येऊन फक्त वारा ऐकू येईल. आकृती मात्र वहीतच काढा, लगेच.

सत्र संपलं तरी हलू नका. खेळाडू खाली उतरतात, गावातले जुने प्रेक्षक त्यांना घेरतात आणि उरलेलं बोलणं तिथं होतं. आम्ही सुलेमानी, म्हणजे बिनदुधाचा चहा घेत वाळूत तासभर उभे होतो. सेल्फीसाठी रेटारेटी करू नका. मी वही पुढं केली. त्या बचावपटूनं माझी आकृती निरखली, एक बाटली खोडून दोन बोटं डावीकडं काढली आणि मग खाली सही केली.

काकांना तिथूनच फोन लावला आणि कोण कुठं उभं होतं ते वाचून दाखवलं. पहिल्या खांबापाशी कोण, ते त्यांनी दोनदा वाचायला लावलं.